दादांच्या हॉटेलाचं मागचं दार

गोटी पोटात होती, आणि पोट पदराआड लपवायचे दिवस सरले होते, तेव्हा धाकटीला काम मिळालं. ठिकठिकाणी नकार ऐकून ती दादांच्या हॉटेलामागच्या गल्लीत एका उपड्या बादलीवर बसली होती. दादा कचरा टाकायला मागच्या दाराने बाहेर आले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बादली आमची आहे. बसायचंच असेल तर बटाटे सोलत बस."

एवढीच काय ती मुलाखत. संध्याकाळपर्यंत पोतं रिकामं झालं. दादांनी एक साल उचलून उजेडात धरली, तिच्यातून पलीकडचं दिसलं तसे हसले. "आजपासून तू आमची धाकटी."

दादांना सगळेच दादा म्हणत, गिऱ्हाईकंसुद्धा. पण त्यांनी आपणहून नातं लावलं ते हिच्याशीच. सासर-माहेर दोन्हीकडून पोरकी झालेल्या बाईला असं कोणी म्हटलं की ती मिठाला जागते, आणि मीठ जरा जास्त झालं तरी बोलत नाही.

हॉटेल कसलं, खोपटंच. पुढे मोजकी टेबलं, मागे स्वयंपाकघर, त्यामागे कोठार, आणि कोठारातून गल्लीत जायचं दार. त्या दाराला आतून कुलूप. कधीकाळी कोणीतरी तिथून तेलाचा डबा पळवला होता, तेव्हापासून किल्ली दादांच्या कमरेला. दाराला टेकून बाटल्यांची खोकी. कंगवा म्हणायचा, "हे दार दोघांनाच उघडतं. कचऱ्याला आणि कायद्याला." कंगवा म्हणजे वाढपी. खिशात कायम कंगवा, आणि डोक्यावर विंचरण्यासारखं फारसं काही नाही.

गोटी झाली. बाळंतिणीचं अंग सावरतं न सावरतं तोच धाकटी कामावर परत आली, कारण नवरा दूर कुठल्याशा बांधकामावर होता आणि जाऊबाईंच्या घरात तिच्या वाट्याला भिंतीकडचा एक कोपरा होता. तान्ह्या पोरीला ठेवायचं कुठे? तर दादांनी फळांचं एक लाकडी खोकं घेतलं, दुपारभर बसून त्याच्या कडा काचकागदाने घासल्या. घासायचे, फुंकर मारायचे, तळवा फिरवून बघायचे. कुठे कुसळ लागलं की पुन्हा घासायचे. ते खोकं पिठाच्या पोत्यांच्या बेचक्यात बसलं आणि गोटी त्यात झोपू लागली. कणीक मळायच्या यंत्राची घरघर हीच तिची अंगाई. यंत्र थांबलं की दचकून उठायची.

पुढे ती रांगली, चालली, बोलली. पहिला शब्द 'आई', दुसरा 'मामा'. बाबा फोनमधून हाका मारत राहिले. त्यांचा नंबर फार मागे लागला.

आणि पगाराचं म्हणाल, तर तो धाकटीने स्वतःच दादांकडे ठेवला होता. जाऊबाई वाईट नव्हत्या, पण त्या घरात पैसा दिसला की त्याला पाय फुटायचे. कधी दिराची गाडी, कधी पाहुणे, कधी नुसतंच "दे गं, आठवड्यात देते." म्हणून ती दादांना म्हणाली होती, "लागेल तेवढा देत जा, बाकीचा तुमच्याकडेच असू दे."

"माझ्याकडे?" दादा छातीवर हात ठेवून म्हणाले. "बँकेला सुट्टी असते गं. मला कुठंय?"

ती साठवण कशासाठी, तेही ठरलं होतं. गल्लीच्या टोकाच्या इमारतीत एका निवृत्त नर्सबाईंची खोली रिकामी व्हायची होती. लहानशीच, पण तिची खिडकी इतकी खाली होती की गोटीला टाचा न उंचावता रस्ता दिसला असता. धाकटी एकदा खोली बघून आली, आणि मग येता-जाता त्या खिडकीकडे बघायचा तिला नादच लागला. नर्सबाई म्हणाल्या होत्या, "महिनाअखेरपर्यंत थांबते तुझ्यासाठी. अनामत आण आणि किल्ली ने."

सगळं असं मार्गी लागत असताना काका भाजले.

काका भांडी घासायला होते. संध्याकाळच्या गर्दीआधी तळणीची मोठी कढई रिकामी करून धुवायची, हा रोजचा शिरस्ता. तेल निवायला वेळ लागतो, आणि वेळ खर्च करायची दादांना सवय नव्हती. म्हणून दोघांनी दोन बाजूंनी फडक्यात धरून ती गरमच उचलायची. त्या दिवशी फरशी ओली होती. काकांचा पाय सरकला आणि तेल कोपरापर्यंत उतरलं. आतली टाकी रिकामी, पाण्याचा नळ गल्लीत, दाराला कुलूप, किल्ली दादांच्या कमरेला आणि दादा बँकेत. पुढे टेबलांवर माणसं जेवत होती. काका हात धरून बसले होते, ओरडतही नव्हते, आणि धाकटी लाटण्याने दार बडवत होती, जणू दारच ऐकणार होतं. शेवटी कंगव्याने सरबताच्या पेटीतला बर्फ आणून ओतला. दादा आले, किल्ली फिरली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दादांनी काकांना स्वतः दवाखान्यात नेलं, रात्रभर बसले. सगळ्यांनी त्यांची वाहवा केली. पुढच्या पगारातून दवाखान्याचा खर्च कापला, बसून काढलेले दिवसही कापले, तेव्हा काकांनी कामगार खात्यात तक्रार दिली.

"अस्तनीतला साप," दादा म्हणाले. "मी रात्रभर जागलो त्याच्यासाठी."

धाकटीलाही काकांचाच राग आला. हॉटेल बंद पडलं तर गोटीचं खोकं कुठे ठेवायचं, हा प्रश्न काकांना पडला नव्हता, तिला पडला होता.

तपासणीला खात्याच्या बाई येणार हे कळल्यावर दादांनी तिला कोठारात बोलावलं. गोटी त्यांच्या खांद्यावर होती, त्यांच्या कॉलरशी खेळत.

"माणसं जास्त भरली की नियम वाढतात," ते हळू आवाजात म्हणाले. "घरचं माणूस त्यात धरत नाहीत. तुला विचारलं तर सांग, बहीण आहे. हाताला लागते."

"खोटं सांगू?"

"खोटं काय त्यात? गोटी मला काय म्हणते, विचार तिला."

"मामा," गोटीने न विचारताच सांगितलं.

मग काय, आणखी कसला पुरावा हवा होता? शिवाय ते म्हणाले, "इथे लेकरू ठेवलंय हे त्यांना दिसलं तर आधी त्यावरून धरतील. तुझ्यापायी मी किती जोखीम घेतो, बोलतो का कधी?" धाकटीने मान खाली घातली.

तपासणीच्या दिवशी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. पुढे बाई आल्या तसा कंगव्याने ट्रे पाडला, मग माफी मागण्यात, खुर्ची पुसण्यात, पाणी विचारण्यात त्यांना जमेल तेवढं अडकवून ठेवलं. तोवर मागे खोकी हलली, कुलूप निघालं, आग विझवायचं लाल नळकांडं गल्ल्याखालून येऊन खिळ्यावर टांगलं गेलं. गोटी शेजारच्या शिंपीणबाईंच्या कडेवर गेली. यंत्राचं झाकण उघडं असलं की यंत्र आपोआप बंद पडायचं. त्यात वेळ जातो म्हणून त्याच्या खटक्यात एक चमचा कायमचा खुपसून ठेवलेला असे. तो काढायचं काम धाकटीचं. तिने तो काढला, पुसला आणि चमच्यांत ठेवून दिला.

बाई ठेंगण्या, चष्म्याच्या, घाई नसलेल्या. त्यांच्यामागे काका, हात गळ्यात बांधलेला.

"तुम्ही इथे कोण?" बाईंनी विचारलं.

"बहीण आहे मी दादांची," धाकटी म्हणाली, आणि इतक्या तोऱ्यात म्हणाली की बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हाताला लागते."

"पगार?"

"घरच्यांत कसला पगार?"

"आणि हे भाजले तेव्हा मागचं दार बंद होतं, असं यांचं म्हणणं आहे."

धाकटीने काकांकडे पाहिलं नाही. "दार उघडंच असतं. काकांचा पाय घसरला."

बाईंनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, तिने सही केली. काका जाताना त्या दाराकडे बघून गेले. हॉटेलाला 'सुधारणा करा' अशी एक समज मिळाली आणि प्रकरण मिटलं. त्या आठवड्यात दादांनी गोटीला लाल बूट आणले. चालताना चूंक चूंक वाजणारे.

महिनाअखेर आली. धाकटीने पैशांचा विषय काढला. दादा म्हणाले, बघू. पुन्हा काढला. म्हणाले, आधी नवी कढई, मग बाकीचं. तिसऱ्यांदा ती गल्ल्यापाशीच जाऊन उभी राहिली. दुपारची गर्दी ओसरली होती, कंगवा टेबलं पुसत होता.

"दादा, नर्सबाई आता थांबायच्या नाहीत. माझे साठलेले द्या ना."

"साठलेले म्हणजे?"

तिला वाटलं, चेष्टा चाललीय. ती हसली. दादाही हसले.

"अगं, तू सरकारी माणसापुढे सही केलीस ना, पगार नाही म्हणून? आता मी पैसे दिले तर ते कशाचे दाखवू? मी खोटा ठरेन, आणि माझ्याआधी तू. दंड कुणाला होईल?"

"पण ते तुम्हीच सांगितलं होतंत बोलायला."

"मी सांगितलं हे कुठे लिहिलंय का?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. गोटीला भरवताना वापरायचे तोच आवाज.

"आणि हिशेबच करायचा तर पुरा करू. पोरगी दीड-दोन वर्षं माझ्या कोठारात वाढली. दूध माझं. जागा माझी. ते बूट काय झाडाला लागले होते?"

कंगव्याचं फडकं एकाच टेबलावर गोल गोल फिरत राहिलं.

केसाने गळा कापणं म्हणतात, ते हेच. कापताना दुखत नाही, आणि दुखतं तेव्हा कापून झालेलं असतं. धाकटी मागे गेली. गॅसवर सूप होतं, ते तळाला लागू द्यायचं तिच्या हातांना माहीत नव्हतं, म्हणून ती ते ढवळत उभी राहिली. कोठारात खोक्यात गोटी झोपली होती. आता पाय बाहेर येऊ लागले होते तिचे. धाकटीने खोक्याच्या कडेवरून तळवा फिरवला. कुठेही कुसळ नव्हतं. तेच तिला सहन होईना. ज्याने ही कड घासली तो लबाड होता, असं म्हणायला हात धजेना, आणि लबाड नव्हता म्हणावं तर आत्ता ऐकलं ते काय होतं?

सूप उतरवून, पोरीला कडेवर टाकून ती पुढच्या दाराने बाहेर पडली. मागच्याला कुलूप होतं.

काका सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत राहायचे. दार काकूंनी उघडलं.

"अगंबाई! बहीणबाई आल्या की," काकू म्हणाल्या. "अहो, बघा कोण आलंय. चुकून आलंय का विचारा."

काका एका हाताने लसूण सोलत होते. कोणाकडचं तरी घरी आणलेलं काम. दुसऱ्या हाताची कातडी कोपरापर्यंत गुलाबी, ताणलेली, चुरगळून सरळ केलेल्या कागदासारखी. गोटीने बोट लावून बघितलं. काकांनी लावू दिलं.

धाकटीने रडत रडत सगळं सांगितलं. काकूंनी गोटीला पाणी दिलं. तिला दिलं नाही.

"तेलाचा मला राग नाही," काका म्हणाले. "तेलाला डोळे असतात का? पण पोरी, तू लाटण्याने दार बडवत होतीस. मी खाली बसून बघत होतो. मनात म्हटलं, चला, आपल्यासाठी कोणीतरी जीव काढतंय. आणि त्याच तोंडाने तू म्हणालीस, दार उघडंच असतं."

खालून सायकलीच्या चाकात हवा भरल्याचा आवाज येत होता.

"मला भीड पडली त्यांची," ती शेवटी म्हणाली.

"भीड भिकेची बहीण," काकू आतून म्हणाल्या. "घे, खरी बहीण सापडली तुला."

काका हसले नाहीत, पण उठले. खुंटीवरचा शर्ट ओढला, भाजका हात बाहीत घातला, आणि बाही तिच्यापुढे धरली. "बटण लाव. मला एका हाताने जमत नाही. आणि चल, खात्याची कचेरी बंद व्हायच्या आत पोचू."

बटण लावताना तिची बोटं त्या कातडीला लागली. काकांनी हात मागे घेतला नाही.

खात्यातल्या बाईंनी ऐकून घेतलं आणि दोन दिवसांनी सगळ्यांना समोरासमोर बोलावलं. दादा इस्त्रीच्या शर्टात आले. बाकावर बसलेल्या गोटीने त्यांना लांबूनच ओळखलं. आईच्या मांडीवरून घसरून, लाल बूट चूंक चूंक वाजवत ती धावली. "मामा! मामा!"

दादांनी तिला उचललं. अगदी नेहमीसारखं, आधी वर, मग छातीशी. आणि मग बाईंकडे वळून म्हणाले, "बघा मॅडम. मोठी माणसं पैशासाठी काहीही बोलतील. लेकरू खोटं बोलतं का?"

बाईंनी गोटीकडे पाहिलं. गोटी त्यांच्याकडे बघून हसली. धाकटीला वाटलं, जमीन दुभंगावी. आपल्या पोरीची माया अशी साक्षीला उभी केलेली बघायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

"मॅडम," काका म्हणाले, "ह्यांची खरी सख्खी बहीण वेगळीच आहे. मागे एकदा आली होती. पुढच्या टेबलावर बसून जेवली, आणि वाढलं हिने. ही मागे, मी भांडी घासतो तिथे, उभ्याने जेवायची. रोज."

"काका, तुमचं दुखणं मला समजतं," दादा मऊपणे म्हणाले.

बाईंनी धाकटीला विचारलं, "म्हणजे तेव्हा खोटं सांगितलंत?"

"हो."

"मग आज खरं बोलताय, ते कशावरून?"

बाईंनी दोघांचं म्हणणं लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली. दादांनी गोटीचा पापा घेतला, तिला आईच्या हातात दिलं. जाताना म्हणाले, "रागाच्या भरात माणूस चुकतं. मी मनावर घेत नाही. दार उघडं आहे तुझ्यासाठी."

ते शब्द कानावर पडले मात्र, धाकटीला बाईंच्या प्रश्नाचं उत्तर एकदम सापडलं. ते जिना उतरून जाईपर्यंत ती थांबली, आणि परत बाईंच्या टेबलापाशी आली.

"मॅडम, माझ्या बोलण्यावर जाऊ नका. तुम्ही पुन्हा या. पण पुढून येऊ नका, पुढून याल तर ट्रे पडेल. मागच्या गल्लीतून या. संध्याकाळच्या गर्दीआधी, कढई उतरवतात तेव्हा. दार वाजवा, आणि उघडायला किती वेळ लागतो तेवढंच बघा."

"आजच्या नंतर ते दार उघडं ठेवणार नाहीत का?"

"ठेवतील की. थोडे दिवस. पण तेलाचा डबा उघड्या दाराजवळ असला की त्यांना झोप लागत नाही. आठवडाभरात कुलूप लागतं की नाही बघा."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही याल त्या दिवशी?"

"येईन."

आठवडा थांबायचं म्हणजे खोली हातची जाणार, हे तिला माहीत होतं. नर्सबाईंकडे सोमवारी दुसरं जोडपं येणार होतं. आणि नेमका रविवारी कंगवा जाऊबाईंच्या दारात उभा राहिला. हातात पाकीट, नजर चपलांवर.

"दादांनी दिलंय. अनामतीपुरतं आहे. म्हणाले, खोली घे. फक्त खात्यात जाऊन सांग की रागात बोलले."

"आणि बाकीचे?"

"बाकीचं काही बोलले नाहीत." त्याने कंगवा काढला, डोक्यावरून फिरवला, पुन्हा खिशात ठेवला. "घे गं. व्यवहाराने बघ. खोली तर मिळतेय."

धाकटीने पाकीट घेतलं. उघडलं नाही, नुसतं हातात धरलं. त्या क्षणी तिला खिडकी दिसली, आणि खिडकीत टाचा न उंचावता उभी गोटी. माणूस दगडाचं नसतं. तिने पाकीट बराच वेळ धरून ठेवलं, इतका की कंगवा भिंतीला टेकून उभा राहिला. पण खिडकीतली गोटी हात हलवायला लागली की हात हलायचा तो दादांकडे बघूनच. दादा खालून जाणार, ती मामा म्हणून ओरडणार, आणि काका भाजक्या हाताने दुसऱ्याचा लसूण सोलत राहणार.

"परत ने," ती म्हणाली.

"वेडी आहेस."

"तू कुठे शहाणा आहेस? तुझा तरी किती पगार अडकलाय त्यांच्याकडे?"

कंगवा पाकीट खिशात घालून निघाला, कोपऱ्यावर जाऊन एकदा मागे वळून बघितलं, एवढंच.

सोमवारी ते जोडपं आलं. मंगळवारी त्या खिडकीला निळा पडदा लागला. धाकटीने गल्लीतून जायचा रस्ता बदलला.

बाईंनी बोलावलं त्या दिवशी मात्र त्याच गल्लीत जावं लागलं. बाई, त्यांचा एक शिपाई, काका, आणि कडेवर गोटीला घेतलेली धाकटी. कचऱ्याच्या डब्यापाशी ती बादली उपडीच होती. दारापलीकडे यंत्राची घरघर चालू होती. गोटीने ती ऐकली आणि आईच्या खांद्यावर डोकं टाकलं, झोप आल्यासारखं.

बाईंनी दार वाजवलं.

यंत्र फिरतच राहिलं. मग शिपायाने जोरात वाजवलं. "कामगार खातं! दार उघडा!"

आतून बाटल्यांची खोकी ओढल्याचा करकर आवाज. एक खोकं पडलं, बाटल्या फुटल्या. कोणीतरी शिवी दिली. त्यानंतर यंत्राची घरघर एकदम तुटली, आणि खांद्यावरची गोटी दचकली.

"चमचा काढला," धाकटी पुटपुटली. आजवर हा सगळा खेळ ती आतून खेळली होती. बाहेरून तो असा ऐकू येतो, हे तिला ठाऊक नव्हतं. दोन इंच लाकूड फक्त. काका त्या लाकडाकडे बघत होते.

आतून एका बाईचा आवाज आला, घाबरलेला, अनोळखी. "दादा, कुलूप आहे हो! उघडत नाही!"

आणि मागून दादांचा. "थांब गं धाकटे, किल्ली माझ्याकडे आहे, आलो!"

धाकटीला आधी वाटलं, आपल्यालाच हाक मारली. ती 'ओ' द्यायलाच निघाली होती. तोंड उघडलं होतं तिचं.

काकांनी ते पाहिलं. त्यांनी तिच्या कडेवरून गोटीला आपल्या चांगल्या हातावर घेतलं.

कुलूप निघालं. दार उघडलं. दारात एक बाई उभी होती, तिच्याहून लहान, हातात बटाटा आणि साल काढायचं सोलणं तसंच, कपाळावर घाम. तिच्यामागे दादा, हातात किल्ली. घड्याळात बघून बाईंनी काहीतरी टिपलं आणि त्या दोघांमधून वाट काढत आत गेल्या. दादांची नजर बाईंवरून काकांवर, काकांवरून धाकटीवर आली. ओठ हलले, एखादा विनोद शोधत असावेत.

"मामा," गोटी काकांच्या हातावरून म्हणाली आणि दोन्ही हात पुढे केले.

धाकटीने तिला अडवलं नाही. पोरीने जे दिलं होतं ते खरंच दिलं होतं. ते परत मागायचा अधिकार आईलाही नव्हता. पण दादांनी हात पुढे केले नाहीत. आतून बाईंची हाक आली तसे ते वळले आणि गेले.

नवी बाई दारातच उभी राहिली, आत जावं की बाहेर यावं हे न कळून. "ताई, मी काय करू?" तिने विचारलं. "मला त्यांनी सांगितलंय, कोणी विचारलं तर..."

"माहितीय काय सांगितलंय ते."

धाकटीने तिच्या हातातलं सोलणं काढून घेतलं, उपडी बादली पायाने तिच्यापुढे सरकवली.

"बस इथे जरा," ती म्हणाली. "बादली त्यांचीच आहे. पण तू बस. बटाटे सोलायचे नाहीत."